माळढोक, तणमोर आणि नाशिकचे माळ : वाचकांचे प्रश्न

माळरानावरच्या पक्ष्यांविषयी आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न या अंकात घेतले आहेत. बहुतेक पत्रे जिल्ह्याच्या पूर्व पट्ट्यातून, म्हणजे येवला, नांदगाव, मालेगाव, सिन्नरकडून आली. इगतपुरी-त्र्यंबकच्या घाटमाथ्यावर ढग रिते झाल्यानंतर जो पाऊस उरतो त्यावर हा पट्टा जगतो. महसुली दप्तरात त्यातली बरीच जमीन ‘पडीक’ म्हणून नोंदलेली आहे. खालची उत्तरे वाचताना ती नोंद थोडा वेळ बाजूला ठेवावी, ही विनंती.

प्रश्न : ममदापूरच्या माळावर, हरणांच्या कळपापासून थोड्या अंतरावर, मोठा तपकिरी पक्षी चालताना दिसला. गावात सगळे माळढोक म्हणतात. मोबाइलवर काढलेला फोटो धूसर आहे. ओळखायचे कसे? (शेतकरी वाचक, ता. येवला)

महाराष्ट्रात आज माळढोक दिसणे ही फार मोठी गोष्ट आहे, त्यामुळे आधी नेहमीच्या पक्ष्यांची शक्यता तपासा. माळावर सर्वांत जास्त फसवते ती लांडोर. त्यानंतर करवानक, आणि दूर जमिनीवर बसलेले पांढरे गिधाड.

लांडोरीचे वजन तीन-चार किलो आणि माळढोक मादीचे साडेतीन ते पावणेसात किलो, म्हणजे नुसत्या आकारावरून निकाल लागत नाही. नर मात्र 8 ते 14 किलोंचा आणि जवळजवळ मीटरभर उंच असतो. तो समोर आला तर चुकायला जागाच नाही. मान बघा. लांडोरीच्या मानेच्या खालच्या भागावर हिरवी चमक असते. माळढोकाची मान फिकट, नरात पांढरट आणि मादीत जरा करडी. डोक्यावर काळी टोपी. नराच्या छातीवर काळा आडवा पट्टा असतो, मादीत तो तुटक असतो किंवा नसतोच. माळढोक चालताना पाठ जमिनीला समांतर ठेवतो आणि मान ताठ उभी धरतो. उडताना पंख रुंद, ठोके संथ आणि जड, मान पुढे सरळ.

सर्वांत सोपी कसोटी संध्याकाळची. लांडोर अंधार पडता पडता झाडावर चढते. माळढोक कधीच चढत नाही, कारण त्याच्या पायाला मागचे बोट नाही. पुढची तीनच बोटे असल्यामुळे फांदी पकडता येत नाही. म्हणून पक्षी निघून गेल्यावर मऊ मातीत पावलाचे ठसे शोधा. तीन जाड बोटे आणि मागे काहीच खूण नाही, तर लक्ष द्यायला हवे. करवानकालाही तीनच बोटे असतात, पण तो सगळा मिळून कोंबडीएवढाही नसतो. त्याचे मोठे पिवळे डोळे आणि रात्रीची कर्कश शीळ त्याला उघडे पाडतात.

फोटोसाठी पाठलाग करू नका. जागेवर उभे राहून डोके आणि मान बाजूने दिसेल असा फोटो घ्या. पक्षी गेल्यावर तो जिथे होता तिथे माणूस किंवा काठी उभी करून मूळ जागेवरूनच दुसरा फोटो काढा. धूसर फोटोतूनही उंची मोजता येते ती अशीच. फोटो, वेळ आणि गट क्रमांक वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांकडे द्या किंवा वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवा. व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांवर ठिकाण टाकू नका. दुसऱ्या दिवशी तिथे गाड्या उभ्या राहिल्या, तर पक्षी असेल तोही जाईल.

प्रश्न : आमच्या ग्रामपंचायतीकडे चाळीस हेक्टर गायरान आहे. नुसते कुसळ उगवते. पावसाळ्यात वृक्षारोपणाचा कार्यक्रम ठरला आहे. पक्षीप्रेमी मंडळी विरोध करतात. झाडे लावण्यात वाईट काय? (ग्रामपंचायत सदस्य, ता. नांदगाव)

झाडे लावण्यात वाईट काही नाही. माळावर लावण्यात आहे. गावठाण, रस्त्याची कड, ओढ्याचा काठ, शाळा, शेताचे बांध, इथे हवी तितकी लावा.

माळावर राहणारे पक्षी नजरेच्या भरवशावर जगतात. माळढोक, तणमोर, धाविक यांची अंडी उघड्या जमिनीवर असतात. माळढोकाचे घरटे म्हणजे नुसता उथळ खळगा, त्यात काडीही नसते. मादी दुरून येणारे कुत्रे, कोल्हा, माणूस पाहते आणि वेळीच उठून गुपचूप चालू लागते. मध्ये झाडांची रांग आली की ही नजर तुटते. कावळे आणि शिकारी पक्ष्यांना बसायला उंच जागा मिळते आणि तिथून अंडी शोधणे त्यांना सोपे जाते. शिवाय सावलीखाली मारवेल, पवन्यासारखी गवते मरतात. सलग समतल चर खणून त्यांच्या भरावावर ग्लिरिसिडिया लावण्याची पद्धत राज्यभर रूढ झाली. तिने चांगली गवताळ जमीन गेली आणि जंगलही उभे राहिले नाही.

तुमच्या गायरानावर कुसळच दिसते याचे कारण जमीन नापीक आहे हे नाही. जनावरे गोड गवत आधी खातात, त्याला बी धरू देत नाहीत, आणि जनावरांना नको असलेले कुसळ तेवढे पसरत जाते. उपाय चराईच्या वेळापत्रकात आहे.

चाळीस हेक्टरचे चार तुकडे करा. दरवर्षी एक तुकडा पहिल्या पावसापासून दिवाळीपर्यंत पूर्ण बंद, उरलेल्या तिन्हींत आळीपाळीने चराई. बंद तुकड्यात बी पडल्यानंतर, म्हणजे नोव्हेंबरमध्ये, गवत कापा. कापणी जमिनीपासून वीतभर वर ठेवा. खरवडून कापले तर पुढच्या वर्षी फुटवा कमी येतो. आणि त्या तुकड्यातला पाव भाग कापायचाच नाही, तो पक्ष्यांचा आडोसा आणि पुढच्या वर्षीचे बियाणे. गवत खूपच विरळ असेल तर मारवेल आणि पवन्याचे बी हेक्टरी पाच किलोच्या आसपास ओल्या माती-शेणात कालवून, पहिला पाऊस झाल्यावर फेका. नांगरट करू नका, बी सेंटिमीटरभरापेक्षा खोल गेले तर उगवत नाही. इथे हमखास होणारी फसगत अशी की लोक ताजे बी टाकतात आणि उगवले नाही म्हणून सोडून देतात. या गवतांचे ताजे बी काही महिने झोपलेले असते. मागच्या हंगामातले कोरडे साठवलेले बी घ्या.

वेडी बाभूळ असेल तर ती मात्र काढायलाच हवी. नुसती छाटली की खोडाच्या बुडातून चौपट फुटते. पावसाने जमीन मऊ झाल्यावर वीत-दीड वीत खोल खणून मुळाचा माथा उपसून काढा आणि त्या उघड्या जागेत लगेच गवताचे बी टाका. शेंगा पिकून गळण्याआधी काम झाले पाहिजे, कारण शेळ्या त्या खातात आणि लेंड्यांतून सगळ्या माळावर पेरतात. बोर आणि हिवराची मूळची तुरळक झुडपे राहू द्या. बोरे माळढोकाच्या आवडीचे खाणे आहे.

ग्रामसभेत हिशोब मांडायचा झाला तर पक्ष्यांपासून सुरुवात करू नका. कडब्याचे भाव सांगा आणि बंद तुकड्यातून निघणाऱ्या चाऱ्याची वाटणी आधी ठरवा. ज्यांच्याकडे शेळ्या आहेत पण शेत नाही, त्यांना वाटा मिळाला नाही तर बंदी पहिल्याच महिन्यात मोडते, आणि त्यात त्यांची चूक नसते.

प्रश्न : माळावरून विजेची मोठी लाइन जाते आहे, शिवाय सौर कृषी वाहिनीसाठी गायरान मागितले आहे. तारांमुळे पक्षी मरतात असे ऐकतो. एवढ्या जाड तारा त्यांना दिसत नाहीत का? (ता. सिन्नर)

जाड तारा बहुतेक वेळा दिसतात. मारते ती सर्वांत वरची बारीक तार, म्हणजे वीज कोसळण्यापासून संरक्षण देणारी अर्थ वायर. पक्षी ऐन वेळी जाड तारा पाहून वर उठतो आणि त्या बारीक तारेवर आदळतो.

माळढोकाच्या बाबतीत शरीराची रचनाच आड येते. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना आहेत. जमिनीवर चरताना चहूबाजूंचा धोका त्यामुळे दिसतो, पण समोर दोन्ही डोळ्यांनी मिळून दिसणारा पट्टा फार अरुंद असतो. माळढोकाचा आफ्रिकेतला जवळचा नातलग कोरी. त्याच्या दृष्टीचा अभ्यास झाला आहे. उडताना खालची जमीन पाहण्यासाठी त्याने डोके सुमारे 25 अंशांनी खाली झुकवले, तर ज्या दिशेला तो चालला आहे तीच दिशा त्याला दिसेनाशी होते. त्यात वजन दहा किलोंच्या घरात. तार दिसली तरी चटकन वळता येत नाही. राजस्थानातल्या थर वाळवंटाच्या सुमारे 4,200 चौरस किलोमीटरच्या टापूत दरवर्षी अंदाजे 18 माळढोक असे मरत असावेत, असे भारतीय वन्यजीव संस्थेचे अनुमान आहे. पक्षीच दीडशेच्या आसपास उरले असताना हा आकडा जीवघेणा आहे.

याच कारणाने सर्वोच्च न्यायालयाने 19 एप्रिल 2021 रोजी राजस्थान आणि गुजरातमधल्या माळढोकाच्या क्षेत्रात तारा जमिनीखालून नेण्याचा व्यापक आदेश दिला. पुढे 21 मार्च 2024 रोजी तो मागे घेऊन कुठे काय शक्य आहे हे ठरवायला तज्ज्ञ समिती नेमली. दोन्ही आदेशांमागची तांत्रिक बाजू समजून घ्या : 11 आणि 33 केव्हीची वाहिनी मीटरभर खोल चरातून केबलने नेता येते, 400 किंवा 765 केव्हीला ते फार कठीण आणि महाग पडते.

तुमच्यासाठी याचा अर्थ असा. सौर प्रकल्पापासून उपकेंद्रापर्यंतची वाहिनी 11 किंवा 33 केव्हीची असते. ग्रामसभेच्या ठरावातच ‘माळावरचा भाग भूमिगत केबलने’ ही अट घाला. खांब उभे राहिल्यानंतर ती मागणी कोणी ऐकत नाही. प्रकल्पाला जागा द्यायचीच तर आधीच नांगरलेला, मुरूम उपसलेला किंवा गावालगतचा तुकडा द्या, सलग गवताचा मधला भाग नको.

मोठ्या लाइनवर पक्षी-सूचक चकत्या बसवायची मागणी करा. त्या अर्थ वायरवर, साधारण 5 ते 10 मीटर अंतराने लावायच्या असतात. फिरणारी, चमकणारी चकती असते किंवा सर्पिल गुंडाळीसारखी. प्लॅस्टिक उन्हाने ठिसूळ होते, फिरता भाग गळून पडतो, पकड सैल झाली की चकत्या घसरून तारेच्या झोळात एकत्र जमतात आणि खांबांजवळचा भाग मोकळा पडतो. म्हणून बसवण्याच्या कंत्राटाबरोबर दरवर्षीच्या तपासणीचे कलम हवे. चकत्यांनी टकरी कमी होतात, थांबत नाहीत. नांदूरमध्यमेश्वरच्या बाजूला राहणाऱ्यांनीही हे लक्षात घ्यावे. हिवाळ्यात पाणथळीतून शेतांकडे पहाटे जाणारे क्रौंच आणि बलाक याच पद्धतीने तारांवर आदळतात.

प्रश्न : कोंबड्यांसारखी अंडी उबवून माळढोक वाढवले तर संख्या का वाढणार नाही? (शिक्षक, मालेगाव)

ते काम सुरू आहे, पण कोंबडीचा हिशोब इथे लागू पडत नाही. माळढोक मादी एका विणीत बहुधा एकच अंडे घालते, दोन क्वचित. उबवण साडेतीन ते चार आठवडे, तीही एकट्या मादीची. पिल्लू अंड्यातून निघताच चालू लागते, तरी पुढे कित्येक महिने आईबरोबरच फिरते. मादी दोन-तीन वर्षांनी वयात येते, नराला पाच-सहा वर्षे लागतात. म्हणून अंडे गेल्यापेक्षा वाढलेली मादी गेल्याचे नुकसान कितीतरी मोठे.

2018 मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालय, राजस्थान सरकार आणि भारतीय वन्यजीव संस्था यांच्यात या कामासाठी करार झाला. 2019 मध्ये जैसलमेर भागातून अंडी उचलायला सुरुवात झाली. यावर ‘जंगलातले अंडे चोरता कशाला’ असा आक्षेप येतो. त्याचे उत्तर असे की सुरुवातीलाच अंडे गेले तर मादी त्याच हंगामात पुन्हा घालू शकते. उघड्यावरच्या अंड्यांपैकी बरीच कुत्री-कोल्ह्यांच्या तोंडी जातात, ती उबवणयंत्रात वाचतात. उबवताना अंडे ठरावीक वेळाने फिरवतात आणि रोज वजन करतात. पक्ष्यांच्या अंड्यांचे वजन उबवणीच्या काळात साधारण 12 ते 16 टक्के घटायला हवे. कमी घटले तर यंत्रातली आर्द्रता जास्त आहे, पिल्लू आत गुदमरते. जास्त घटले तर ते सुकते.

खरी अडचण पिल्लू वाढवल्यानंतर येते. माणसाने चिमट्याने किडे भरवलेला पक्षी माणसालाच आपला समजू लागतो आणि स्वतःच्या जातीच्या पक्ष्याशी जोडी जमवताना बिचकतो. म्हणून कृत्रिम रेतनाची वाट धरावी लागली. त्यातून पहिले पिल्लू ऑक्टोबर 2024 मध्ये जन्मले. रामदेवरा आणि सम या दोन केंद्रांतल्या पक्ष्यांची संख्या आता पन्नासच्या पुढे गेली आहे.

ते पक्षी सोडायचे कुठे, हा पुढचा प्रश्न, आणि आमच्या मते तोच मुख्य आहे. पिंजऱ्यात वाढलेल्या पक्ष्याला कुत्रे आणि तारा नसलेला, सलग, गवताचा माळ लागतो. आपल्या राज्यातले माळढोक अभयारण्य 1979 मध्ये सोलापूर आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यांत जाहीर झाले तेव्हा कागदावर ते 8,496 चौरस किलोमीटर होते. त्यात गावे, बाजारपेठा, बागायत सगळेच आले, लोक वैतागले, आणि पुढे ते 1,222 चौरस किलोमीटरवर आणावे लागले. दरम्यान उसाने आणि फळबागांनी माळ संपवले. केंद्रे चालवायला पैसा मिळतो. माळ पुन्हा तयार करायला पंधरा-वीस वर्षांची चराईची शिस्त लागते, आणि ती पैशाने विकत मिळत नाही.

प्रश्न : सोयाबीन काढताना तणमोराचे घरटे सापडले तर काय करावे? तो माळढोकाचेच पिल्लू असतो का? (ता. चांदवड)

नाही. तणमोर वेगळा पक्षी, त्याच कुळातला, पण अर्ध्या किलोच्या आसपास वजनाचा. पावसाळ्यात नर काळाभोर होतो, डोक्यामागे तुऱ्यासारखी पिसे येतात आणि मादीला दिसावे म्हणून तो गवतातून उभ्या उभ्या उड्या मारतो, दिवसाला शेकडो. वायव्य महाराष्ट्र हा त्याच्या विणीच्या जुन्या टापूचा भाग. आज राज्यात त्याच्या नोंदी मुख्यतः अकोला-वाशीमकडून येतात. 2021 पासून तोही माळढोकासारखाच ‘अतिसंकटग्रस्त’ यादीत आहे.

मादी तीन ते पाच अंडी घालते, उबवण तीन आठवड्यांची. घरटे सापडले तर अंड्यांना हात लावू नका, भोवती दहा-पंधरा पावलांचे पीक उभे ठेवा आणि काम दुसऱ्या टोकाला हलवा. खुणेसाठी काठी रोवायची तर घरट्यापासून लांब रोवा, कारण कावळा काठीवर बसतो आणि अंडी शोधतो. तेवढ्या तुकड्याची काढणी तीन आठवडे उशिरा होईल. शेंगा तडकून त्यातले बरेच सोयाबीन जाईल हे खरे आहे, त्यामुळे वन विभागाला लगेच कळवून भरपाईविषयी विचारा. हार्वेस्टर लावणार असाल तर शेताच्या मधून सुरू करून बाहेरच्या बाजूला या. कडेने आत येत गेलात तर मादी आणि पिल्ले मध्ये कोंडली जातात.

प्रश्न : राजस्थानात ‘तिलोर’ म्हणतात तो माळढोकच ना? (नाशिक रोड)

तिलोर म्हणजे होबारा, वेगळा. तो मध्य आशियातून हिवाळ्यात थर आणि कच्छमध्ये येतो. वजन एक ते अडीच किलो, मानेच्या बाजूने खाली उतरणारी काळी पट्टी ही ओळख. नाशिककडे त्याची वाट पाहू नये.

प्रश्न : माळढोक पाहायला जैसलमेरला जायचे आहे. काय पथ्ये पाळावीत? (पक्षिमित्र, नाशिक)

नोव्हेंबर ते फेब्रुवारी जा. पुढे मार्चपासून विणीचा काळ सुरू होतो, तेव्हा न गेलेले बरे. मरुभूमी राष्ट्रीय उद्यान 3,162 चौरस किलोमीटरचे आहे. सुदासरी भागात परवाना घेऊन, स्थानिक वाटाड्याबरोबर, ठरलेल्या रस्त्यानेच फिरा. पहाटेचे पहिले दोन तास महत्त्वाचे, कारण नंतर तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरते आणि लांबचा फोटो कितीही भारी लेन्स असली तरी फुटतो. गाडीतून उतरू नका. उभी गाडी पक्षी सहन करतो, चालत येणारा माणूस नाही. त्याने चरणे थांबवून मान उंच केली की तुम्ही जास्त जवळ आलात, तिथेच थांबा किंवा मागे या. नराचा घुमण्याचा आवाज मोबाइलवर वाजवून बोलावण्याचा प्रयत्न कोणी वाटाड्या करत असेल तर त्याला तिथेच अडवा. सोलापूरजवळच्या नान्नजला जाणार असाल तर माळढोकाची आशा न धरता जा. काळवीट, पखुर्ड्या आणि हिवाळ्यातले भोवत्ये पाहण्यासाठीही ते माळ पुरेसे आहेत.

प्रश्न : तारेला धडकलेला मोठा पक्षी जिवंत सापडला तर? (ता. निफाड)

आधी 1926 वर फोन करा, मग हात लावा. पक्ष्यावर सुती कापड टाकून डोके झाका, अंधारात तो शांत होतो. पंख अंगाशी मिटवून दोन्ही हातांनी धरा. पाय बांधू नका. हवेची भोके पाडलेल्या मोठ्या खोक्यात, खाली गोणपाट घालून, सावलीत ठेवा. चोचीत पाणी ओतू नका, ते फुप्फुसात जाते. खायलाही घालू नका. माळढोक, तणमोरासारखे लांब पायांचे पक्षी नुसत्या धडपडीने आणि भीतीनेही मरतात. स्नायू निकामी होतात आणि बाहेरून धड दिसणारा पक्षी दुसऱ्या दिवशी दगावतो. म्हणून गर्दी, सेल्फी, कुत्री, सगळे लांब. हे पक्षी वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. त्यांच्या शिकारीला तीन ते सात वर्षे कैद आणि किमान 25,000 रुपये दंड आहे, आणि वाचवण्यासाठी का होईना, पक्षी घरी ठेवून घेणेही कायद्यात बसत नाही. वनरक्षक येईपर्यंत पक्षी सापडल्याची वेळ, जागा आणि जवळच्या विजेच्या खांबाचा क्रमांक लिहून ठेवा. दोन खांबांमधल्या त्या गाळ्यात सूचक चकत्या बसवून घेण्यासाठी नंतर तोच क्रमांक लागतो.